बेरेझिना: पाणी पुन्हा फसलं, पण बर्फ मिळाला

पाणी फसलं. दुसऱ्यांदा. म्हणजे माझ्या छोट्या मॉडेलमधली रेझिनची नदी. १८१२ मध्ये रशियातून माघार घेताना नेपोलियनचा सेनापती एब्ले याने बेरेझिना नदीवर बांधलेला पूल गणपतीच्या आधी उभा करतो, असं मागच्या वेळी छातीठोकपणे लिहिलं होतं, ते विसरा.

पहिल्यांदा चूक माझीच होती. प्रमाण वजनाचं आणि मी मोजलं कपाने. यावेळी स्वयंपाकघरातला काटा आणून ग्रॅमवारी रेझिन आणि हार्डनर घेतलं. सहाही घोड्या, म्हणजे पुलाखालचे लाकडी आधार, पात्रात चिकटवल्या, चौकटीच्या फटी सिलिकॉनने बुजवल्या आणि शनिवारी रात्री पाच मिलिमीटरचा थर ओतला. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. सकाळी पाहतो तर नदीच्या जागी कांजीची खळ, वर चिकट साय. "दमट हवेतही चालतं साहेब," असं विकणारा म्हणाला होता. त्याच्याकडून आता ब्रशसुद्धा घेणार नाही.

हेअर ड्रायरने ऊब देत, कटरने कापत तो थर काढला. चार तास गेले. दोन घोड्यांचे पाय तुटले, तिसरी तिरकी झाली. वैतागून तुकडे साबणाच्या पाण्यात टाकले, तर साय निघून गेली आणि हातात आले दुधाळ, कडक, वेड्यावाकड्या कडांचे तुकडे. काळ्या फरशीवर ठेवून पाहिले. मंडळी, हे बेरेझिनातले बर्फाचे तरंगते तुकडे आहेत! मी महिनाभर मेणापासून हेच करायला धडपडत होतो.

आता पाणी खोल ओतायचंच नाही. नोव्हेंबरातली ती चिखलाच्या तळाची नदी, तिचा तळ कोणाला दिसणार होता? गडद हिरवट-काळा रंग, त्यावर ॲक्रिलिक ग्लॉसचे पातळ थर, त्यात हे तुकडे. टाइलवर नमुना केलाय. वाळायला दोन दिवस लागले, पण झकास आहे.

तुटलेल्या घोड्या बदलणार होतो. लिहिता लिहिता विचार बदलला. मी २६ नोव्हेंबर १८१२ ची दुपार धरली होती, चारच्या सुमाराची, दोन पुलांपैकी डावा नुकताच तयार झालेला. पण वजनाखाली घोड्या चिखलात रुतून तोच पूल रात्री आठला तुटला आणि मध्यरात्रीनंतर दोनला पुन्हा. तीन-तीन घोड्या गेल्या. माझ्याही तीनच गेल्यात! तेव्हा रात्री दोनचा प्रसंग करू: शेकोटीशी लवंडलेल्या, पूल बांधणाऱ्या पाँटून सैनिकांना त्रेपन्न वर्षांचा एब्ले उठवतोय. शेकोटीत पिवळा एलईडी.

एब्लेसाठी झ्वेझ्दा कंपनीच्या तोफखान्याच्या सेटमधला अधिकारी घेतलाय, पुट्टीने ओव्हरकोट चढवतोय. माणूसही तोफखान्यातलाच, वयाच्या नवव्या वर्षी बापाच्या रेजिमेंटमध्ये नाव लागलेला. पोर्तुगालच्या मोहिमेतही त्याने टॅगस नदीसाठी मिळेल त्या लाकडातून होड्या जुळवल्या होत्या, म्हणजे हा उद्योग जुनाच. याच माघारीत ओर्शा गावी नेपोलियनने पुलाचं सामान जाळायला लावलं, तरी याने दोन भट्ट्या, दोन गाड्या कोळसा आणि सहा गाड्या हत्यारं-खिळे वाचवले. माझ्या अडगळीवरून घरात बोलणी बसतात तेव्हा मी हेच ऐकवतो.

एक छोटा आनंद सांगायचा राहिला. डाव्या पुलावर फळ्यांऐवजी गोल ओंडके होते, तीन-चार इंच जाडीचे. माझ्या मॉडेलच्या १/७२ प्रमाणात ते साधारण सव्वा मिलिमीटर होतात. बाल्सा तासून तासून बोटं सोलली, आणि परवा देवघरात उत्तर सापडलं: विझलेल्या अगरबत्त्यांच्या काड्या. नेमक्या मापाच्या, वर थोड्या जळकट. घोडीपासून घोडीपर्यंत सहा सेंटिमीटर, म्हणजे एका गाळ्याला पंचेचाळीसेक काड्या लागतील. आत्तापर्यंत साठ जमल्यात. आई रोज दोनच लावते.