डाकोटा १/७२, अपडेट ३: व्हीपी ९०५ म्हणजे नक्की कुठलं विमान?

पंधरा दिवस गायब होतो कारण डाकोटाच्या या १/७२ प्लॅस्टिक मॉडेलच्या दोन खिडक्यांची वाट लावली. सुपरग्लू लावला, फ्युजलाज (विमानाचा धड भाग) लगेच बंद केलं आणि सकाळी बघतो तर काचांवर आतून पांढरी वाफ धरलेली. हे होतं हे माहीत असूनही केलं. शेवटी जोड परत उघडला, दोन्ही काचा काढून २००० च्या सॅंडपेपरने घासल्या, मग टूथपेस्ट, आता एक ठीक आहे आणि दुसरी पलीकडच्या बाजूला जाणार 😅

मागचं डाव्या बाजूचं डबल कार्गो दार मात्र मस्त बसलं. सी-४७ ची (डाकोटा म्हणजे हेच, डीसी-३ चं लष्करी मालवाहू रूप) खरी ओळख हीच, प्रवासी डीसी-३ ला एवढं मोठं दार नसतं. दार उघडं ठेवतोय, म्हणून आत प्लॅस्टिक कार्डच्या पट्ट्यांची फळी टाकली. पंख लावले की ४० सेंमीच्या वर जातंय, शेल्फवर जागा करायला लागणार. नाकात वजन भरायची भानगड नाही हे एक बरं, शेपूट टेकवूनच उभं राहतं.

खरी गाडी अडली ती रंगावर. मला व्हीपी ९०५ करायचं होतं, २७ ऑक्टोबर १९४७ ला १ शीख बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलं ते. आणि मी आत्तापर्यंत रेफरन्स म्हणून फोटो जमवत होतो ते सगळे परशुरामाचे, म्हणजे हवाई दलाकडे आता असलेल्या जुन्या डाकोटाचे! म्हणजे शेपटीवर नंबर व्हीपी ९०५ च, पण विमान वेगळं. ते १९४४ चं, आरएएफमध्ये (ब्रिटिश हवाई दलात) होतं, नंतर ब्रिटनमध्ये जी-एएमएसव्ही या सिव्हिल रजिस्ट्रेशनवर उडायचं. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते दुरुस्त करून घेऊन हवाई दलाला भेट दिलं (त्यांचे वडील स्वतः डाकोटाचे पायलट), एप्रिल २०१८ मध्ये कॉव्हेंट्रीहून निघून टप्प्याटप्प्याने उडत जामनगरला आलं आणि मे महिन्यात दिल्लीजवळच्या हिंडन तळावर दाखल झालं. जुन्या विमानाच्या सन्मानार्थ नंबर दिलाय, त्यात काहीच चूक नाही, पण आपण मॉडेलवाले नंबर बघतो आणि बाकी चौकशीच करत नाही, त्यात मी पहिला.

म्हणजे एकाच नंबरच्या दोन सर्व्हिस हिस्ट्री, आणि मी अर्धं हे अर्धं ते करत होतो. किटच्या पेटीतलं केशरी-पांढरं-हिरवं राउंडेल (विमानावरचं हवाई दलाचं गोल चिन्ह) १९४७ वर चालणारच नाही, ते १९५० पासूनचं, तोवर हवाई दलाच्या नावातलं 'रॉयल'सुद्धा गेलं नव्हतं.

मध्ये लेहचा पण मोह झाला होता. मे १९४८, हवाई दलाचे मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना बसवून साडेदहा हजार फुटांच्या वरच्या पट्टीवर डाकोटा उतरवलं, केबिन प्रेशराइज्ड नाही काही नाही. नाहीतर १९७१ च्या युद्धातलं टांगाईल, पॅराट्रूपर्स उतरवले तिथलं, तिथे उघड्या दाराला अर्थ पण आहे आणि पेटीतलं राउंडेलही वाया जात नाही. पण नको, पुन्हा भरकटेन.

१९४७ च फायनल. परशुरामाचे फोटो आता फक्त रिव्हेट आणि इंजिन काउलिंग बघायला, रंगासाठी नाही. तिरंगी डिकल (चिकटवायची चिन्हं) पिशवीत परत टाकले, काल प्रायमरचा पहिला हात मारला आणि उजव्या पंखाच्या मुळाशी सीम (जोडाची रेघ) अजून दिसतेय, परत पुटी.