लोणकढी

आमच्या घरात पहिल्यांदा विकतचं लोणी आलं तेव्हा आजीनं ते बोटावर घेऊन चाखलं आणि विचारलं, "ह्यात मीठ कुणी घातलं?" तिच्या लेखी लोणी म्हणजे सायीचं, पांढरं, ताकावर तरंगणारं, गरम भाकरीवर ठेवलं की आपण होऊन पसरणारं. हे पिवळं, साबणाच्या वडीसारखं चौकोनी आणि वर खारट. शहरात असंच मिळतं, असं बाबा म्हणाले. आजीनं शहराबद्दलचं आपलं मत पुन्हा एकदा ऐकवलं आणि ताक घुसळायला बसली.

मिठाचं कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मुंबईवर आधी पोलसनच्या लोण्याचं राज्य होतं. ते शिळ्या, आंबलेल्या सायीचं आणि चांगलं खारट. आणंदच्या सहकारी संघानं, म्हणजे अमूलनं, ताज्या सायीचं लोणी बाजारात आणलं, तर गिऱ्हाईक म्हणायला लागलं, हे अळणी लागतं. मग त्यांनीही मीठ घातलं. म्हशीच्या दुधाचं लोणी पांढरं, लोकांना सवय पिवळ्याची. मग रंगही घातला. आजी हयात असती तर तिला सांगितलं असतं की तुझं बरोबर होतं, चुकलं ते मुंबईचं. असो.

मी मात्र त्या लोण्याच्या चवीआधी त्याची जाहिरात वाचायला शिकलो. म्हणजे अक्षरं लावायला. आम्ही मराठी माध्यमातले, इंग्रजी पाचवीपासून. सुट्टीच्या दिवशी बाबा फोर्टात घेऊन जायचे, तेव्हा डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढचीच जागा पाहिजे असा माझा हट्ट असायचा. तिथून तो फलक अगदी डोळ्यांच्या पातळीवर यायचा. ठिपक्यांचा फ्रॉक, निळे केस, गुबगुबीत गाल, हातात लोणी लावलेला पाव. आईनं पहिल्यांदा नीट पाहिली तेव्हा तिला एकच गोष्ट खटकली. आमच्याकडे मुलगी बघून आल्यावर 'नाकीडोळी नीटस' हे शब्द ठरलेले. "डोळे आहेत," आई म्हणाली, "पण नाक कुठाय हिला?"

नाक नव्हतंच. अजूनही नाही.

२०२३ च्या जूनमध्ये पेपरात बातमी वाचली, त्या फलकांमागचे सिल्व्हेस्टर दा कुन्हा गेले. वय ब्याण्णव. हे नाव मी जाहिरातींच्या धंद्यात शिरल्यावर ऐकलं होतं, पण आमच्या सोसायटीत त्या सकाळी विचारलं असतं तर कुणालाही ओळखता आलं नसतं. आणि मजा म्हणजे त्याच सोसायटीतल्या प्रत्येकाला त्यांचे दोन शब्द पाठ: अटर्ली बटर्ली.

हकिगत १९६६ ची. लोणी दहा वर्षं बाजारात होतं आणि त्याची जाहिरात इतकी सभ्य, की कुणाच्या लक्षात राहू नये. काम दा कुन्हा तेव्हा ज्या एजन्सीत होते तिच्याकडे आलं. ते लिहिणारे, चित्रं काढणारे युस्टेस फर्नांडिस. दोन्ही आडनावं गोव्याकडची. पोलसनच्या डब्यावरही एक मुलगी होती, तेव्हा आपली मुलगी तिच्यापेक्षा खट्याळ हवी, हे ठरलं. अमूलचे प्रमुख डॉ. वर्गीस कुरियन यांच्या अटी दोनच होत्या: काढायला सोपी आणि विसरायला अवघड. सोपी कशासाठी? कारण फलक हातानं रंगवायचे. नाक गाळण्यात फर्नांडिसांच्या मनात आणखी काय होतं देव जाणे, पण पेंटरचे कष्ट नक्की वाचले.

हे पेंटर मी पाहिलेत. उंच सांगाडा, त्याला ठोकलेले पत्रे, पुढे बांबूंची परांची आणि तिच्यावर बनियन घातलेला माणूस. हातातल्या कागदावर लहानसं चित्र, त्याच्यावर चौकोन आखलेले. तेवढेच चौकोन पत्र्यावर, पण हातभर मोठे. त्याला अख्खी मुलगी कधी दिसतच नसणार. एका चौकोनात निळी बट, पुढच्यात अर्धा डोळा, खालच्यात फ्रॉकचे तीन ठिपके. आमची बस सिग्नलला थांबायची तेव्हा एखाद्या दिवशी नुसतेच गाल तयार असायचे आणि शब्दांच्या जागी कोरा पांढरा पत्रा. आज काय लिहिणार, म्हणून मी मान वळवून बघत राहायचो. जाहिरातीची वाट पाहणारा मुलगा आता मिळणार नाही. त्या वेळीही फार नसावेत.

आणि 'अटर्ली बटर्ली'? ते शब्द घरात जन्मले असं सांगतात. दा कुन्हांच्या पत्नी निशा इंग्रजी साहित्य शिकवायच्या, कथा लिहायच्या. 'अटर्ली', म्हणजे अगदी, हा शब्द त्यांनी सुचवला आणि 'बटर्ली' नवऱ्यानं त्याला चिकटवला. बायको इंग्रजीची प्राध्यापक, आणि नवरा शब्दकोशात नसलेला शब्द घेऊन दुसऱ्या दिवशी ऑफिसला जातो. ऑफिसात अर्थातच व्याकरणाचे प्रश्न निघाले. कुरियन यांनाही तो वेडेपणा वाटला, पण चालेल असं तुम्हाला वाटत असेल तर करा, म्हणाले. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मला एकाही क्लायंटच्या तोंडून ऐकायला मिळालं नाही. शिवाय फलक लागण्याआधी त्यांना दाखवायचाही नाही, ही सूट. आमच्याकडे दिवाळीच्या शुभेच्छांचे चार शब्द सहा टेबलांवरून फिरून यायचे आणि शेवटच्या टेबलावरचा माणूस 'शुभ' ठळक करायला सांगायचा.

मी जाहिराती लिहायचो म्हणालो तर ती जरा लोणकढीच होईल. मी त्या मराठीत आणायचो. इंग्रजी मजकूर वरून यायचा, आम्ही लँग्वेजवाले तो आपापल्या भाषेत उतरवायचो. त्याला कॉपी म्हणतात, आणि आमच्या बाबतीत तो शब्द शब्दशः खरा होता. 'लोणकढी' हा शब्द त्या काळात माझ्या टेबलावर कायम असे. लोणी कढवून लगेच वाढलेलं तूप ते लोणकढं, आणि आत्ता, इथल्या इथे, ताजी कढवलेली थाप ती लोणकढी थाप. मी अशा पुष्कळ उतरवल्या. चार आठवड्यांत उजळ त्वचा. दुप्पट फेस. केस गळणं थांबवणारं तेल, जे ती ओळ लिहिणाऱ्याच्या डोक्यावर काही चाललेलं दिसत नव्हतं.

एका रिकाम्या दुपारी मी 'अटर्ली बटर्ली'चं मराठी करायला घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. 'अगदी लोणगदी' इथपर्यंत पोचलो आणि थांबलो. शेजारच्या गुजरातीवाल्याला दाखवलं. त्यानं चहा मागवला. तेव्हा मला जाणवलं की दा कुन्हांच्या फलकावर दावाच नसतो. लोणी पौष्टिक आहे, शुद्ध आहे, मुलं उंच होतील, असं ती बिननाकाची मुलगी काही म्हणत नाही. गावात काय चाललंय त्यावर एक कोटी करते आणि पाव खाते. म्हणून तिची थाप कधी पकडली गेली नाही.

पहिली कोटी घोड्यांच्या शर्यतींवरची. जातिवंत घोड्याला इंग्रजीत 'थरोब्रेड' म्हणतात, तर ह्यांनी त्यातल्या 'ब्रेड'चं स्पेलिंग पावाचं केलं. ती काही मी पाहिलेली नाही, मी तेव्हा पाळण्यात. पण १९७६ ची आणीबाणीतली पक्की आठवते. त्या वर्षी मी पाचवीत. नसबंदीची सक्ती चालू होती, आणि फलकावर ती मुलगी साळसूद चेहऱ्यानं म्हणत होती: वुई हॅव ऑल्वेज प्रॅक्टिस्ड कम्पल्सरी स्टरिलायझेशन. मी एकेक अक्षर लावत शेवटच्या शब्दापाशी अडकलो आणि भर बसमध्ये मोठ्यानं विचारलं, "बाबा, स्टरिलायझेशन म्हणजे काय?" बाबा सरकारी नोकर. त्यांनी आधी मागे पाहिलं, मग कंडक्टरकडे पाहिलं आणि म्हणाले, "दूध उकळणं." अर्थ तसा चूक नव्हता; जंतू मारणं आणि नसबंदी, दोन्हींना इंग्रजीत तोच शब्द. मात्र मागच्या बाकावरचे एक गृहस्थ हसू दाबत खिडकीबाहेर बघायला लागले, आणि मोठी माणसं काहीतरी लपवतायत एवढं मला कळलं. पुढे आणीबाणीतल्या वर्तमानपत्रांबद्दल, सेन्सॉरमुळे त्यांत राहिलेल्या कोऱ्या जागांबद्दल वाचलं तेव्हा प्रत्येक वेळी मला तो फलक आठवला.

दुसरी आठवण गणपतीची. रोमन लिपीत लिहिलेलं: गणपती बाप्पा मोअर घ्या. 'मोरया'ला 'मोअर घ्या' किती सहज जुळतं बघा. मी ते 'मोरे घ्या' असं वाचलं. आमच्या वर्गात एक मोरे होता, आणि बाप्पानं त्यालाच का घ्यावं हे मला समजेना. मोअर म्हणजे अधिक, हे समजल्यावर मी दोन दिवस घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती कोटी ऐकवली. सगळ्यांना ती आवडली नव्हती. फलक काढा, नाहीतर ऑफिस फोडू, अशी धमकी दा कुन्हांना आली होती. विमान कंपनीच्या संपावर कोटी केली, तेव्हा त्या कंपनीनं आमच्या विमानात तुमचं लोणी बंद करू म्हणून सांगितलं. खाणाऱ्याला लोणी लावावं आणि त्याच्याच खोड्याही काढाव्यात, ह्याला मस्का मारणं तरी कसं म्हणायचं?

१९६९ मध्ये दा कुन्हांनी स्वतःची एजन्सी काढली आणि ती मुलगी बरोबर नेली. घरचा गोतावळाही शब्दांचाच. भाऊ जेरसन पत्रकार, जाहिरातवाले, रंगमंचावरचे नट आणि उतारवयात मुंबईच्या फुटपाथांसाठी भांडणारे. मुलगा राहुल नाटककार. नव्वदच्या दशकात त्यानं वडिलांचं काम हाती घेतलं. बापाचा धंदा पोरानं पुढे नेणं यात नवल नाही. पण विनोद पुढे नेणं अवघड. आपल्याकडे बापाचा विनोद पोराला चाळिशीपर्यंत कळत नाही, आणि कळतो तोवर तोच मारायला लागलेला असतो.

मधल्या काळात त्या मुलीला मराठी हातही पुष्कळ लागले. ऐंशीच्या दशकात शब्द भरत दाभोळकरांचे आणि रेषा कुमार मोरे यांच्या. नंतर जयंत राणे तिला वर्षानुवर्षं काढत आले. इतके हात बदलले, पण फ्रॉक तोच आणि ठिपकेही तेच. फर्नांडिस २०१० मध्ये गेले. त्यांचं नावही फलकाच्या कोपऱ्यात कधी आलं नाही. चित्रकार चित्राखाली सही करतो, कवीचं नाव कवितेखाली येतं; फलकवाल्याची ओळ मात्र दुसऱ्या कोटीच्या रंगाखाली जाते. ते पत्रे खरवडले तर एकाखाली एक किती निघतील कुणास ठाऊक. आता पत्रेही गेले. आधी फ्लेक्स आला, आता ती मोबाइलवर येते. वाट बघावी लागत नाही.

बातमी वाचली त्या सकाळी आई नाश्त्याला बसली होती. दात गेल्यामुळे ती स्लाइसच्या कडा काढून खाते, लोणी मात्र माझ्यापेक्षा जास्त लावते. मी म्हटलं, "अमूलच्या जाहिराती लिहिणारे गेले."

"त्या मुलीचे?"

"हो, त्या मुलीचे."

तिनं सुरी खाली ठेवली. "म्हणजे तिचे बाबाच गेले." मग जरा वेळानं, "किती वर्षांची असेल रे ती आता?"

"माझ्याएवढीच. सासष्टला आली. सत्तावन्न."

आईनं वेष्टन उचललं, चष्म्याजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

"सत्तावन्न वर्षांची घोडी झाली," ती म्हणाली, "आणि अजून हिला कुणी नाक काढलं नाही."