कुमरकोमचं पंचतारांकित आदरातिथ्य आणि ते बिल

रिसॉर्टचं नाव लिहीत नाही. केरळात वेंबनाड तलावाच्या काठावर अशी बरीच आहेत आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालत असावं.

चेकआउटच्या सकाळी टॅक्सी दारात, सामान बग्गीतून उतरवलेलं, आई "चला रे, गाडी चुकेल" म्हणतेय, आणि हातात लांबलचक बिल. नेमक्या त्याच वेळी बिल देतात. जेवणाच्या प्रत्येक पावतीवर १० टक्के सर्व्हिस चार्ज, आणि त्या बेरजेवर पुन्हा १८ टक्के जीएसटी. काउंटरवरचा मुलगा छातीवर हात ठेवून म्हणाला, "सर, पॉलिसी आहे." पॉलिसी असू दे. जुलै २०२२ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचनांनुसार हॉटेलला हा चार्ज आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या सूचना कायम ठेवल्या. हे सांगून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचा आकडा फोनवर काढून दाखवला. मॅनेजर आले, हसले, चार्ज काढून नवीन बिल छापून दिलं. इतक्या सहज निघतो, म्हणजे काढायची तयारी आधीपासूनच असते. शहाळं देऊन स्वागत, येता-जाता नमस्कार, आईला हात धरून पायऱ्या उतरवणं. एवढं झाल्यावर पैशांसाठी तोंड उघडायचा संकोच वाटतो, आणि त्या संकोचावरच यांची कमाई आहे. तेव्हा बिल आदल्या रात्री मागा. देत नाहीत, तरी मागा.

दुसरा फटका करीमीन माशाचा. नाश्ता आणि रात्रीचं जेवण पॅकेजमध्ये होतं. वेटर प्रेमाने म्हणाला, "शेफ तुमच्यासाठी करीमीन पोळ्ळिचदु करतोय." केळीच्या पानातला तो मासा अप्रतिम होता, पण बफेच्या बाहेरचा, म्हणजे वेगळा आकारला. टेबलावर काहीही आपणहून आलं की "पॅकेजमध्ये आहे का?" एवढं विचारायला लाजू नका. पाण्याच्या बाटलीवरून मात्र भांडू नका. हॉटेल एमआरपीपेक्षा जास्त घेऊ शकतं, सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. आणि साइटवरचा खोलीचा दर करांशिवाय असतो. दर ७५०० रुपयांच्या वर असेल तर १८ टक्के जीएसटी धरूनच हिशोब करा.

'लेक व्ह्यू'साठी जास्त पैसे? अजिबात नाही. तलावाकाठच्या कुट्टनाड भागातली भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे. खारं पाणी आत येऊ नये म्हणून तण्णीरमुक्कमच्या बंधाऱ्याचे दरवाजे साधारण डिसेंबरच्या मध्यावर बंद करतात आणि पुढचे काही महिने पाणी गोडं राहून जलपर्णी माजते. आमच्या खिडकीसमोर पाणी कमी, हिरवा गालिचा जास्त. जलपर्णी बघायला पुणेकराने केरळ गाठायची गरज नाही, मुळा-मुठा आहेत. बुकिंगआधी त्याच आठवड्यातला फोटो मागा. ३१ डिसेंबरला जाणार असाल तर गाला डिनर सक्तीचं आहे का, तेही लेखी विचारा.

रिसॉर्टची सूर्यास्ताची बोटफेरी टाळा. राज्य जलवाहतूक खात्याची कुमरकोम-मुहम्मा फेरीबोट तोच तलाव पाऊण तासात ओलांडते, तिकीट किरकोळ, आणि वाटेत पातिरामणल बेट दिसतं. बाके लाकडी आहेत, एवढंच. पक्षी अभयारण्यात उजाडताच पोचा, नंतर उकाड्याने जीव जातो. बाकीचे दिवस मजेत गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

टॅक्सी बाहेरची घ्या. कोट्टायम स्टेशन जवळ आहे, कोचीचं नेडुंबाश्शेरी विमानतळ लांब, त्यामुळे रिसॉर्टच्या गाडीच्या भाड्यातला फरक तिथे फारच बोचतो.

खोली आवरणाऱ्या ताई आणि बग्गीवाले दादा यांच्याबद्दल मात्र एक अक्षर वाईट नाही. टिप त्यांच्या हातात द्या, काउंटरवरच्या पेटीत नको. परत जाईन का? पावसाळ्यात, दर उतरल्यावर, बागेकडची खोली घेऊन. या भावात नाही.