ऑस्करला कुठला पिक्चर पाठवायचा, यावरून आमच्या घरातलं भांडण

सप्टेंबर आला की आमच्या घरात एक विषय निघतोच. भारताकडून ऑस्करला कुठला पिक्चर जाणार. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा आतेभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो, आणि मधे आई, जी म्हणते की तुम्ही दोघं आधी जेवून घ्या. हे गेली दहा-बारा वर्षं चाललंय. २०१३ ला सुरू झालं ते मला नीट आठवतं, कारण तेव्हा 'द लंचबॉक्स' जाणार असं आम्ही धरूनच चाललो होतो आणि गेला 'द गुड रोड', गुजराती. तो पिक्चर आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता त्यामुळे त्याच्यावर बोलायचा आम्हाला हक्क नव्हता, तरी रात्री साडेबारापर्यंत बोललो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑस्करमधे परदेशी भाषेतल्या सिनेमांचं जे अवॉर्ड आहे (आता त्याला इंटरनॅशनल फीचर म्हणतात) त्याला प्रत्येक देशातून एकच पिक्चर पाठवता येतो. एकच. आपल्याकडे वीसेक भाषांमधे सिनेमे बनतात तरी एकच. तो निवडते फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने नेमलेली कमिटी, निर्मात्यांनी स्वतः अर्ज केलेल्या सिनेमांमधून. मग तिकडे सगळ्या देशांचे मिळून आधी पंधरा काढतात, त्यातून पाच, त्यातून एक. आजवर त्या शेवटच्या पाचात आपले तीनच पोचले, 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. जिंकला एकही नाही.

आता भांडण. दादाचं म्हणणं असं की ऑस्कर ही निवडणूक आहे. चांगला उमेदवार असून भागत नाही, प्रचार लागतो, तिथे स्क्रीनिंग लावावी लागतात, पब्लिसिस्ट ठेवावा लागतो, मतदारांनी मुळात पिक्चर बघायला तर हवा ना. त्यामुळे ज्याच्या मागे पैसा आणि माणसं आहेत तोच पाठवावा. आणि तो हे उगाच बोलत नाही. २००४ ला 'श्वास' गेला तेव्हा प्रचाराला पैसे नव्हते म्हणून महाराष्ट्रभर लोकांनी पैसे जमवले होते, आत्यानेही दिले होते, आणि पिक्चर पाचात आला नाही तेव्हा दादाला जे लागलं होतं ते अजून गेलेलं नाही. त्यातला तो आजोबा नातवाचे डोळे काढायच्या आदल्या दिवशी त्याला हॉस्पिटलमधून गुपचूप बाहेर काढतो आणि जग दाखवून आणतो, त्या सीनला दादा अजूनही उठून पाणी प्यायला जातो. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं होतं ते 'श्वास'मुळे. एवढा पिक्चर आणि तिथे तो बघितला तरी किती जणांनी असेल, हे दादाचं दुःख आहे आणि ते मला मान्य आहे.

पण माझं भांडण दादाशी नाहीच खरं तर. माझं भांडण कमिटीच्या डोक्यात जो प्रश्न असतो त्याच्याशी आहे. ते पिक्चर निवडत नाहीत, ते स्थळाला मुलगी दाखवायला निघाल्यासारखं करतात. कुठली साडी नेसवायची, काय विचारतील, कसं बसायचं, पाहुण्यांना आपल्या घराबद्दल काय वाटेल. पोरीला काय येतं, ती कशी आहे, हे राहतं बाजूला.

२०२४ चंच घ्या. पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला कान फेस्टिव्हलला ग्राँ प्री (तिथलं दुसऱ्या नंबरचं बक्षीस) मिळाला, तीस वर्षांनी भारताचा पिक्चर तिथल्या मुख्य स्पर्धेत होता. कमिटीने निवडला 'लापता लेडीज'. मला 'लापता लेडीज' आवडतो हे आधी सांगते, मी तो दोनदा पाहिलाय आणि त्यात फूल नावाच्या नवरीला स्टेशनवर कमवायला शिकवणारी ती मंजू माई मला माझ्या मावशीसारखी वाटते. माझा राग निवडीवर नाही, कारणावर आहे. फेडरेशनच्या अध्यक्षांनी नंतर सांगितलं की ज्युरीला पायलचा पिक्चर बघताना भारतात घडणारा युरोपियन सिनेमा बघतोय असं वाटलं. ज्युरीत तेरा जण, तेराही पुरुष. आणि 'लापता लेडीज'साठी जे निवेदन काढलं त्याची सुरुवातच भारतीय बायका म्हणजे शरणागती आणि वर्चस्व यांचं विचित्र मिश्रण आहेत अशा अर्थाची. बायकांवरच्या पिक्चरबद्दल हे लिहिलं!

युरोपियन म्हणे. अहो त्यात दादरचा पाऊस आहे, लोकलचा लेडीज डबा आहे, दोन मल्याळी नर्सेस एका खोलीत राहतात, आणि पार्वती आहे, हॉस्पिटलच्या किचनमधे काम करणारी, नवरा गेल्यावर घराचे कागद नाहीत म्हणून जिचं चाळीतलं घर जातं आणि ती कोकणात परत जाते. पार्वती झालीये छाया कदम. आणि 'लापता लेडीज'मधली मंजू माई कोण? तीही छाया कदमच! म्हणजे तीच बाई एका पिक्चरमधे भारतीय आणि दुसऱ्यात युरोपियन? पायलच्या पिक्चरमधे एक सीन आहे, त्या दोन नर्सेसमधल्या प्रभाला जर्मनीतून राइस कुकर येतो, नवऱ्याने पाठवलाय बहुतेक, ज्याचा कित्येक दिवसांत फोन पण नाही. रात्री सगळं सामसूम झाल्यावर ती जमिनीवर बसून तो कुकर मिठीत घेते. बस एवढंच. आमच्या शेजारच्या काकूंचा नवरा अठरा वर्षं मस्कतला होता. त्यांनी त्याने आणलेला मिक्सर बिघडला तरी टाकला नाही, माळ्यावर गोधडीत गुंडाळून ठेवलाय. मला कुणी सांगू नका हे आपलं नाही म्हणून.

पुढे काय झालं तर 'लापता लेडीज' पंधरात आला नाही. आणि त्याच पंधरात 'संतोष' होता, हिंदीतला, आपल्या इथल्या पोलीस खात्यावरचा, आणि तो पाठवला होता ब्रिटनने. त्या दिवशी दादाचा फोन आला आणि दोघंही जरा वेळ काहीच बोललो नाही.

दादा नेहमी म्हणतो, "अगं, तिकडच्यांना कळलं पाहिजे ना." इथे मी 'कोर्ट' काढते. दर वेळी काढते. २०१५ ला अमोल पालेकर अध्यक्ष असलेल्या कमिटीने चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' पाठवला, आणि माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतली ती सगळ्यात धीट निवड होती. त्याआधी व्हेनिस फेस्टिव्हलला त्याने दोन अवॉर्ड घेतली होती, सुवर्णकमळ घेतलं होतं. त्यात समजावून सांगणं नाहीच काही. एक लोकशाहीर, नारायण कांबळे, त्याच्यावर खटला की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला. कोर्टातलं मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती सगळं जसंच्या तसं. बिनबाह्यांचा टॉप घातला म्हणून एका बाईची केस जज पुढे ढकलतो. सरकारी वकील बाई (गीतांजली कुलकर्णी, काय काम केलंय!) दिवसभर त्या शाहिराला जास्तीत जास्त शिक्षा मागते आणि संध्याकाळी घरी जाऊन सगळ्यांचा स्वयंपाक करते, आणि तिचा राग येत नाही, ती आपल्या ओळखीची वाटते, हेच भयंकर आहे. शेवटाकडे कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, माणसं निघून जातात, शिपाई एकेक दिवा बंद करतो आणि पडदा काळा होतो. मी नाशिकला पाहिला तेव्हा थिएटरमधे अकरा जण होतो, मी मोजले होते. त्या काळ्या पडद्याला एक आजोबा उठले, संपला समजून, दारापर्यंत गेले, आणि परत पिक्चर सुरू झाला तसे तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले शेवटपर्यंत. नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार २०२१ ला कोविडमधे गेले. त्यांचा आवाज माझ्या कानात अजून आहे.

'कोर्ट' पाचात आला नाही. दादा म्हणतो, "बघ." मी म्हणते काय बघ? आला नाही म्हणून तो चुकीचा होता का? मग नंतर ताम्हाणेचाच 'द डिसायपल' व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत गेला, पटकथेचं अवॉर्ड घेऊन आला, आणि त्या वर्षी आपल्याकडून तो गेला नाही, 'जल्लीकट्टू' गेला. 'जल्लीकट्टू' जबरदस्त आहे, त्याबद्दल वादच नाही. पण 'द डिसायपल', शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या आणि आपण मोठे होणार नाही हे हळूहळू कळत जाणाऱ्या मुलाची ती गोष्ट, ती बघून माझा तबला वाजवणारा मित्र दोन दिवस कुणाशी बोलला नव्हता.

आता २०२५ चं. हे वर्ष मराठीला फार भारी गेलं आणि म्हणूनच मला जास्त लागलंय. चोवीस पिक्चर कमिटीसमोर होते त्यात 'स्थळ', 'दशावतार', 'साबर बोंडं' असे आपले कितीतरी. दादाचा जीव 'दशावतार'वर, दिलीप प्रभावळकरांनी या वयात जे केलंय ते बघून तो अक्षरशः भारावला होता. माझं मत 'साबर बोंडं'. रोहन कानवडेचा हा पिक्चर जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलला वर्ल्ड सिनेमा ड्रामॅटिकचं ग्रँड ज्युरी प्राइज घेऊन आला, मराठी पिक्चर तिथे गेलाच पहिल्यांदा आणि थेट सगळ्यात वरचं बक्षीस. १९ सप्टेंबरला इथे रिलीज झाला आणि त्याच दिवशी कोलकात्यात कमिटीचे अध्यक्ष एन. चंद्रांनी जाहीर केलं की भारताकडून 'होमबाउंड' जाणार.

मी त्याच आठवड्यात आईला घेऊन गेले. दिवसातून एकच शो होता, दुपारी पावणेचारचा, नोकरी करणाऱ्या माणसाने कसं जायचं, मी हाफ डे टाकला. वडील गेलेत म्हणून मुंबईहून गावी आलेला आनंद, दहा दिवसांचं सुतक, पायात चप्पल नाही, आणि येणारा जाणारा प्रत्येक नातेवाईक एकच विचारतो, लग्न कधी करतोस. आणि गावातला त्याचा लहानपणचा मित्र बाळ्या. मागे म्युझिक नाही काही, नुसते शेतातले आवाज, शेरडं, वारा. मला धाकधूक होती की दोन पुरुषांच्या प्रेमाचा पिक्चर आई कसा घेईल, ती निफाडकडच्या खेड्यात वाढलेली, वय अडुसष्ट. ती पूर्ण वेळ गप्प. मग त्या निवडुंगाच्या लाल बोंडांचा विषय आला तशी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आम्ही दगडावर घासून काटे काढायचो. तरी जिभेला एखादा लागायचाच." बाहेर आल्यावर पार्किंगमधे म्हणाली, "त्या आईला सगळं ठाऊक आहे गं. तिने एकदा पण पोराला तोंड उघडायला लावलं नाही."

मी रात्री दादाला फोन करून हे सांगितलं. म्हटलं तू म्हणतोस तिकडच्यांना कळलं पाहिजे, तिकडच्यांना तर कळलं, आता निफाडच्या बाईलाही कळलं, अजून कुणाला कळायचं राहिलंय? दादा म्हणाला, "आधी होमबाउंड बघ, मग बोल."

बघितला. २६ तारखेला आला, पहिल्याच रविवारी गेले. नीरज घेवानचा आहे, म्हणजे 'मसान'वाला, आणि लॉकडाउनमधे सुरतहून गावाकडे निघालेल्या दोन मित्रांवर बशारत पीर यांनी जो लेख लिहिला होता त्याच्यावरून केलाय. एक मुसलमान, एक दलित, दोघांनाही पोलीस भरतीचा फॉर्म भरायचाय. रडले मी. चांगला आहे, मनापासून चांगला आहे, आणि त्याच्या मागे मोठं बॅनर आहे, हॉलिवूडच्या मार्टिन स्कॉर्सेसी या दिग्दर्शकाचं नाव आहे, म्हणजे दादा म्हणतो ते सगळं आहे. आणि डिसेंबर २०२५ मधे तो पंधरात आला. दादाने सकाळी सात वाजता मेसेज टाकला, मी मनापासून अभिनंदन लिहिलं, कारण ही कमिटी या वेळी पाहुण्यांना काय वाटेल याचा विचार करत बसली नाही. आपल्या घरातली जात आणि धर्म तसाच पाठवला, झाकून नाही. आदल्या वर्षीच्या निवडीपेक्षा हे मला कितीतरी बरं वाटतं.

तरीही दादा, माझं मत 'साबर बोंडं'लाच. 'होमबाउंड'मधे मला कुठे रडायचं ते पिक्चरने सांगितलं, चांगल्या प्रकारे सांगितलं, पण सांगितलं. 'साबर बोंडं'ने काहीच सांगितलं नाही. आणि जो पिक्चर सांगत नाही त्याला प्रचाराची जास्त गरज असते, तो आपोआप पोचत नाही, म्हणून तर देशाने त्याच्या मागे उभं राहायचं. 'श्वास'च्या वेळी लोक उभे राहिले होते ना? आत्याने दिलेच होते ना पैसे?

काल संध्याकाळी आई मेथी निवडत बसली होती, टीव्ही बंद, मी फोनवर हेच सगळं टाइप करत होते. मधेच म्हणाली, "ती दोन पोरं आता कशी असतील गं?" मला आधी कळलंच नाही कुठली पोरं. म्हटलं कोण? तर म्हणाली, "ती गं, बोंडांवाली."