सभासदाला चीजसुद्धा नाही

जानेवारीत शिकागोला जाणारा माणूस एकतर कामासाठी जातो, नाहीतर विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून. मी दुसऱ्या गटातला. ताई शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहते. पहिले काही दिवस मॉल, म्युझियम आणि हीटरजवळ बसून पिठलं-भाकरी यात गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहितोय ते ७ जानेवारी २०२४ च्या रविवारबद्दल, आणि खरं सांगायचं तर त्या रविवारातल्या एका तासाबद्दल.

"मामा, ग्रीन बेला मॅच बघायला येणार? मित्राकडं दोन तिकिटं आहेत," भाच्यानं विचारलं. अमेरिकन फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण फुकट तिकीट म्हटल्यावर नाही म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. दाजी तेवढे शहाणे. "मला माझे गुडघे प्रिय आहेत," म्हणून घरीच राहिले.

पावणेचार तासांच्या रस्त्यात भाच्यानं मला ग्रीन बे पॅकर्सचा अख्खा हंगाम ऐकवला. तो स्वतः शिकागो बेअर्सवाला, म्हणजे पॅकर्सचा खानदानी वैरी, त्यामुळं ऐकवताना आवाजात जळजळ होती. पॅकर्सचा मोठा खेळाडू अ‍ॅरन रॉजर्स २०२३ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क जेट्सला गेला आणि पहिल्याच मॅचमध्ये चार चाली खेळून टाचेची शीर तुटून बसला. त्याच्या जागी इकडं जॉर्डन लव्ह. हा पोरगा तीन वर्षं बाकावर बसून रॉजर्सचा खेळ बघत होता. पहिल्या सात मॅचपैकी पाच हरले. लोकांनी हंगाम सोडून दिला. मग नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला डेट्रॉइटला डेट्रॉइटमध्ये हरवलं, दहा दिवसांनी गतविजेत्या कॅन्सस सिटीला हरवलं, आणि लगेच पुढच्या मॅचला न्यूयॉर्क जायंट्ससारख्या पडेल संघाकडून हरले. आता आठ जिंकलेल्या, आठ हरलेल्या. आज जिंकले तर प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, आणि समोर बेअर्स. बेअर्स यांच्याकडून लागोपाठ नऊ वेळा हरलेले. "मग आपण कशाला चाललोय?" मी विचारलं. त्यानं उत्तर दिलं नाही, आवाज वाढवून गाणं लावलं.

ग्रीन बे हे विस्कॉन्सिन राज्यातलं गाव लाखभर वस्तीचं, इचलकरंजीच्या निम्मंही नाही. आणि लॅम्बो फील्ड या स्टेडियममध्ये माणसं मावतात ८१,४४१. आजूबाजूला साधी बैठी घरं, आणि त्या घरांची अंगणं त्या दिवशी पार्किंगला दिलेली. एका अंगणात हिरव्या जाकिटातल्या, सत्तरीच्या पुढच्या आजी यात्रेतल्या सायकल स्टँडवाल्याच्या ऐटीत हातवारे करत होत्या. अजून पुढं, अजून पुढं, बास! चाळीस डॉलर. गाड्या विटांसारख्या चिकटवून लावलेल्या. यातून आपली निघणार कधी हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. विचारायला हवा होता.

मॅचआधी सगळं गाव गाडीची डिकी उघडून जेवतं. आम्हीही ताईनं दिलेली थालीपिठं काढली. शेजारी शेगडीवर ब्राटवुर्स्ट नावाचं जाडजूड सॉसेज भाजत होते. त्यांनी एक दिलं, आम्ही थालीपीठ दिलं. त्यावर मोहरीचा पिवळा सॉस ओतून ते आवडीनं खाल्लं गेलं. मी ताईला हे सांगितलेलं नाही.

आत बहुतेक ठिकाणी खुर्ची नाहीच. अ‍ॅल्युमिनियमची लांब फळी आणि त्यावर नंबर. नंबरांमधलं अंतर उन्हाळ्यातल्या माणसाच्या मापाचं, आणि बसणारे तीन-तीन जाकिटं घातलेले. लोकलमधली चौथी सीट आठवली. पारा शून्याच्या आसपास आणि शेजारचे गृहस्थ म्हणे, आज उबदार आहे! याच मैदानावर १९६७ च्या ३१ डिसेंबरला उणे २५ सेल्सिअसमध्ये फायनल झाली होती, तिचं ते असं बोलत होते जणू काल शेकोटीपुरत्या काटक्या कमी पडल्या. माझे पाय बघून त्यांनी बसायच्या गादीखालून पुठ्ठ्याचा तुकडा काढून दिला. काँक्रीटवर पुठ्ठा टाकून त्यावर पाय ठेवायचे. माझ्या मते तीन हजारांच्या थर्मलपेक्षा तो पुठ्ठा जास्त कामाचा.

खेळाबद्दल माझं मत विचाराल तर, तासाभराचा खेळ तीन तास दळतात. दहा यार्ड पुढं जायला चार संधी, आणि प्रत्येक संधीनंतर मीटिंग. लव्हनं मात्र ३२ पैकी २७ पास अचूक दिले, एवढं मलाही दिसलं. पॅकर्स १७–९ नं जिंकले. बेअर्सनी तीन किक मारून नऊ गुण जमवले, शेवटची रेघ एकदाही ओलांडली नाही. बेअर्सच्या जर्सीतल्या भाच्याला कुणी चिडवलं नाही. उलट मागच्या बाईंनी पाठीवर थोपटलं. ते त्याला जास्त लागलं.

आणि मग अंगण. आमच्यापुढं दोन गाड्या, त्यांचे मालक विजय साजरा करायला गायब. अंधार, वारा, पायात चेतना नाही. मी मराठीत मोठ्यानं जे बोललो ते इथं लिहीत नाही. भाषा कळली नसली तरी आशय आजींना कळला असावा. त्यांनी दार उघडून आत बोलावलं.

स्वयंपाकघरात कॉफीच्या यंत्राच्या वर, नातवंडांच्या फोटोंमध्ये, एक फ्रेम होती. शेअर सर्टिफिकेट. मी अशी फ्रेम आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. आमच्या अण्णांचं साखर कारखान्याचं सर्टिफिकेट पत्र्याच्या ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत, सातबाऱ्याच्या खाली असतं.

"माझ्या मालकीचा संघ आहे," आजी म्हणाल्या. १९९७ साली नवऱ्यानं दोनशे डॉलरला घेऊन दिलेला एक शेअर. बाकीच्या संघांचे मालक अब्जाधीश, पण पॅकर्सचे भागधारक पाच लाखांच्या वर. असे हजारो मालक ठेवायला आता लीगची परवानगी नाही, हा एकच जुना संघ सूट मिळून टिकला. मी एकदम सावरून बसलो. हा विषय माझा होता.

लाभांश किती? शून्य. विकता येतो? नाही, फार तर घरातल्याला देता येतो. उद्या संघच विकला तर? पैसा धर्मादाय कामाला. तिकीट तरी आधी मिळतं? छे, हंगामाच्या तिकिटांची यादी वेगळी, लोक तान्ह्या बाळाचं नाव त्यात घालतात. मिळतं ते मत, आणि जुलैमध्ये स्टेडियममध्ये होणाऱ्या वार्षिक सभेचं आमंत्रण.

मग मी आमच्या साखर कारखान्याच्या वार्षिक सभेचं वर्णन केलं. अहवाल वाचून व्हायच्या आत पुढच्या रांगांतून "मंजूर, मंजूर", मागून "नामंजूर", माइकची ओढाओढ आणि राष्ट्रगीत. आजींना फार आवडलं. "पण तुम्हाला काही मिळतं का?" मी म्हटलं, दिवाळीला सवलतीची साखर. कप तसाच धरून त्या थोडा वेळ गप्प बसल्या. "आम्हाला तर चीजसुद्धा देत नाहीत," त्या म्हणाल्या. विस्कॉन्सिनमध्ये, जिथं लोक फोमच्या चीजचा तुकडा डोक्यावर घालून मॅचला जातात!

पुढच्या रविवारी पॅकर्सनी डॅलसला त्यांच्या घरात ४८–३२ नं लोळवलं. २० तारखेला सॅन फ्रान्सिस्कोत पुढं असताना एक्केचाळीस यार्डांची किक चुकली आणि २४–२१ नं हंगाम संपला. ताईच्या सोफ्यावर भाचा नाचला. मी रिमोट आपटला आणि मलाच नवल वाटलं.

झोप येईना म्हणून घरी फोन लावला. तिकडं सकाळ झालेली. अण्णा फडात होते, तोडीची टोळी एकदाची आली होती. त्यांना आजींच्या शेअरचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लाभांश नाही, साखर नाही, दर नाही," अण्णा म्हणाले. "मग सभेत भांडतात कशावर?"