प्रीतिभोजनासाठी हॉल मिळवताना: माझा अनुभव

मंडळीचा, म्हणजे आपल्या चर्चचा, हॉल मागायला जाणार असाल, तर 'कार्यक्रमाचे कारण' या रकान्याची तयारी घरूनच करून जा. लग्न, बाप्तिस्मा, वाढदिवस, स्मरणार्थ प्रार्थना, एवढंच तिथे छापलेलं असतं. आम्हाला महिन्यातल्या एका रविवारी, उपासनेनंतर, एकट्या राहणाऱ्यांसोबत जेवायचं होतं. 'इतर'पुढे 'एकत्र जेवण' लिहिलं, तर 'म्हणजे कोणाकडचं?' असं विचारून अर्ज परत.

कमिटी महिन्यातून एकदा बसते. पहिल्या बैठकीत आमचा विषय निघालाच नाही. दुसऱ्या बैठकीत अनामत कोणाच्या नावावर, यावर अडला. तिसऱ्या खेपेला प्रश्न आला, 'मंडळीबाहेरचेही येणार का?' येणारच की! बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायात येशूने जेवणाला कोणाला बोलवायचं ते सांगून ठेवलंय: मित्र, नातलग, श्रीमंत शेजारी नकोत, ज्यांना परतफेड जमणार नाही, त्यांना बोलवा. सभासद वर्गणीची पावती त्यात कुठे नाही. आणि हे पुण्यात, जिथे 1890 मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहावरून टिळक-रानड्यांच्या मागे ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचं प्रकरण, लागलं! तेव्हा भांडण ख्रिस्त्यांचा चहा प्यायल्याचं होतं, आता आमच्याच हॉलच्या लाइटबिलाचं.

अर्ज सुटला तो 'प्रीतिभोजन' या शब्दावर. तो बायबलमधल्या यहूदाच्या पत्रातच आहे, त्यामुळे कोणाला नाही म्हणता येईना. सोबत वेगळा कागद जोडा: 12 ते 3 वेळ, माणसं किती, भांडी कोणाची, झाडलोट कोण करणार, आणि अनामतीसाठी दोघांच्या सह्या. हा कागद पहिल्याच दिवशी दिला असता, तर तीन महिने गेले नसते.

तोवर थांबू नका, घरी सुरू करा. 8 माणसं पुरे. त्याहून जास्त झाली की दोन कोंडाळी पडतात आणि बुजरा माणूस दोन्हींच्या मधोमध अडकतो. हॉलमध्येही लांब पंगत नको, टेबलं वेगवेगळी मांडा. प्रत्येक टेबलावर घरचं एक माणूस बसलंच पाहिजे. सगळे यजमान स्वयंपाकघरात आणि पाहुणे एकमेकांकडे बघत बसलेत, हे हमखास होतं.

25 जणांना तांदूळ अडीच किलो, चिकन 4 किलो, तूरडाळ सव्वा किलो. डाळ बिनमिरचीची वेगळी काढून ठेवा. जेवणाआधी प्रार्थना एक मिनिटाची. नंतर भाषण ठेवलंत, तर पुढच्या महिन्यात निम्मी माणसं गळतील.

मुलं परदेशी असलेल्या आजींना 'जेवायला या' म्हटलं, की त्या 'कशाला उगाच त्रास' म्हणतात. 'काकू, कोशिंबीर चिरायला माणूस नाही, अकराला याल?' म्हटलं, की पावणेअकरालाच स्वतःची विळी घेऊन हजर. हे बोलावणं ग्रुपवर टाकून भागत नाही, गुरुवारी फोनच करावा लागतो. परतीची रिक्षा एकाच वाटेवरच्या दोघांत लावून द्या. होस्टेलवरच्या मुलांना सोबत पाठवलं, तर जिना चढायलाही हात मिळतो.

हो, नाताळात सुरुवात करू नका. तेव्हा सगळ्यांनाच कुठून ना कुठून बोलावणं असतं. फेब्रुवारीत कोणी विचारत नाही.

उरलेलं प्लास्टिकच्या पिशवीत देऊ नका, स्टीलच्या डब्यात द्या. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. आमचा एक डबा तीन आठवड्यांनी आला, आत चार करंज्या होत्या, आणि काकू तो देऊन लगेच निघाल्या नाहीत.