उपग्रहाच्या दुरुस्तीला माणूस का जात नाही?

"सर, अंतराळातली हबल दुर्बीण दुरुस्त करायला माणसं गेली, मग टीव्हीचा उपग्रह बिघडल्यावर का जात नाहीत?" बीड जिल्ह्यात तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि हा प्रश्न वर्गात, एसटीत, लग्नाच्या मांडवातही ऐकला. "भितात, दुसरं काय," हे उत्तरही विचारणाराच देतो. त्याचाच मला त्रास होतो.

हबल सुमारे 500 किलोमीटरवर आहे. 1993 ते 2009 मध्ये दुरुस्तीसाठी पाच वेळा शटल हे अंतराळवीरांना नेणारं यान तिथं गेलं. टीव्हीचे उपग्रह 35,786 किलोमीटरवर. खालच्या कक्षेतून तिथं पोचायलाच सेकंदाला सुमारे 4 किलोमीटर वेग वाढवावा लागतो, परतीचं इंधन वेगळं. चंद्रावर गेलेले अंतराळवीर पृथ्वीभोवतीचे किरणोत्साराचे पट्टे काही तासांत ओलांडून गेले. दुरुस्तीवाल्याला त्याच पट्ट्यात थांबून काम करायचंय.

1997 च्या ऑक्टोबरात आपला इन्सॅट-2डी उपग्रह निकामी झाला, तेव्हा मीच वर्गात छातीठोकपणे म्हणालो होतो, "दहा वर्षांत माणसं तिथं जातील." आता तसं म्हणवत नाही.

2013 चा दुष्काळ. आमची आठ परस विहीर, तळाशी गाळ, मोटार अडकलेली. चुलतभावानं चपला काठावर जोडीनं काढून ठेवल्या, पाना कमरेला खोचला, दोर धरून उतरला. खाली श्वासाजोगी हवा आहे का, हे कळायला पेटता कंदील आधी सोडून बघायचा असतो. कुणी सोडला नाही. अर्ध्यात असताना त्यानं एकदा वर बघितलं. मग दोर ढिला पडला. काकू आजही म्हणते, "मोटारीचं काय, दुसरी आली असती रे."

"उतर" म्हणणाऱ्यांत मी होतो. कंदिलाचं मला माहीत होतं.

म्हणून 2020 मध्ये एमईव्ही-1 या यानानं, एकही माणूस न नेता, इंधन संपत आलेल्या इंटेलसॅट-901 या दळणवळण उपग्रहाला इंजिनाच्या नळकांड्यात धरलं आणि त्याची कक्षा सांभाळली, तेव्हा मला बरं वाटलं. यंत्रच जावं, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो.

पण 1992 चं काय? एक इंटेलसॅट खालच्याच कक्षेत अडकला होता. पकडायचा दांडा दोनदा फसला. शेवटी तिघा अंतराळवीरांनी तो हातमोज्यांच्या हातांनी धरला, नवी मोटार बसवली, आणि तो वर गेला. परवा नववीतल्या मुलीनं हेच विचारलं, "त्यांना तुम्ही जाऊ दिलं असतं का?"

हो म्हणालो. मग घरी येईपर्यंत नाही म्हणत होतो.